दोन-दोन गोळ्या

“जगदेवभाऊ, तुमचा जंतू औषधाले दादच देऊन नाही राह्यला,” साधना सिस्टर म्हणाली. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यातली टीबीची खोली होती ती. तिनं रिपोर्ट त्याच्याकडे फिरवला. जगदेवला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. “खरं सांगा, गोळ्या मधात सोडल्या होत्या?”

“एक दिवस नाई, माय. इठ्ठलाची आन.”

त्यानं पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पाच महिन्यांची. एकातही गोळी उरली नव्हती. शपथही खोटी नव्हती. फक्त रोजच्या चार गोळ्यांतल्या दोन जगदेव खात होता आणि दोन जानराव.

जानराव हा कीर्तनातला त्याचा जोडीचा टाळकरी. पंचवीस वर्षं दोघं बुवांच्या मागे खांद्याला खांदा लावून उभे. एकाचा दम सरला की दुसऱ्यानं चाल उचलायची. यंदा दोघांचाही दम एकदमच सरू लागला. पण जानरावच्या पोरीची, वैभवीची सोयरीक मालेगावला जुळत होती. बापाचं नाव टीबीच्या कागदावर चढलं की पाहुणे उठून जातील, म्हणून तो तपासायला आलाच नाही. मग जगदेवनं काल्याचा घास द्यावा तशा आपल्यातल्या दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. रोज. तुझं नाव कुठं काढणार नाही, असा शब्दही दिला.

“तुमच्यासंग उठनारं-बसनारं कोनी खोकते का?” सिस्टरनं विचारलं.

“नाई.”

हे मात्र खोटं होतं. बोलताना जगदेवला काहीच वाटलं नाही. बधिर पायावर भार देऊन उभं राहावं तसं झालं.

तेवढ्यात दार ढकलून जानरावनं डोकं आत घातलं. तोंडाला रुमाल होता. त्यानंच जगदेवला मोटारसायकलवर आणलं होतं.

“अबे, इथंच मुक्काम करतं का? आपल्या गोळ्या भेटल्या का नाई? सांग मॅडमले, वाढवून द्या म्हना. दोन-दोनात काई भागून नाही राह्यलं.”

सिस्टरनं पाकिटांकडे पाहिलं, मग दोघांकडे. ती ओरडली नाही.

“अर्ध्या औषधानं जंतू मरत नसते, भाऊ. शहाना होते.” तिनं कपाटातून एक डबी काढली. “यात बेडका द्या. आन् नाव सांगा.”

“नाव कायले? मी तं याले घ्याले आलो.” जानराव खोकत राहिला. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाला, “मॅडम, पाहुने परवा येऊन राह्यले.”

सिस्टर पेन धरून थांबली.

जगदेवनं सांगितलं. जानरावचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव शेलूबाजार. मोबाईल नंबरही त्याला पाठ होता.