मॅरितच्या हातचं घर

ओव्हनमधून काढलेली तिसरी भिंतही मोडली, तेव्हा एव्हर्टनं हातातली सुतारी पट्टी टेबलावर आपटली.

"लाकूड असतं तर एव्हाना छप्पर चढलं असतं!"

"लाकूड खाता येत नाही रे," हिलेवी म्हणाली. "पीठ रात्रभर गारठ्यात मुरू दिलं होतंस का?" आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, मॅरित तसं काहीतरी करायची वाटतं."

बायको, मॅरित, गेल्यानंतरचा एव्हर्टचा हा पहिला नाताळ. मुलीनं, इल्वानं, गोथेनबर्गहून फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "खिडकीत आईचं जिंजरब्रेडचं घर दिसणार नसेल, तर माझ्याच्यानं तिथं बसवणार नाही, बाबा. मी नाही येत." त्यावर एव्हर्टनं धडधडीत थाप मारली, "घर तर तयार आहे!" आणि फोन ठेवून सपाता घालूनच बर्फातून शेजारच्या हिलेवीला बोलवायला धावला.

आता पंचाईत अशी, की मॅरितनं जन्मात असं बिस्किटाचं घर केलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात ती सासूपुढे बढाई मारून बसली, आणि भिंती काही उभ्या राहीनात. रडत मागच्या दारानं हिलेवीकडे आली. हिलेवीनं एका बैठकीत घर करून दिलं. सासू खूश झाली, नवरा हरखून गेला, आणि मग खरं सांगायची सोयच उरली नाही. तेव्हापासून दरवर्षी मॅरित एव्हर्टला लाकडं आणायला रानात पिटाळायची आणि हिलेवी ट्रे घेऊन मागच्या दारानं आत शिरायची. शेवटी इस्पितळातही मॅरितनं तिचं मनगट धरलं होतं. "त्याला कळू देऊ नकोस गं." हिलेवीनं शब्द दिला होता आणि तो मोडायची तिची तयारी नव्हती.

म्हणजे आता स्वतःचंच घर तिला एव्हर्टकडून करवून घ्यायचं होतं, आणि तेही काही येत नसल्याचं सोंग आणून.

भिंतींचे पुठ्ठ्याचे नमुने अर्थातच तिच्याच कपाटात होते. ते तिनं एप्रनखाली लपवून आणले, मॅरितच्या शिवणाच्या खणात सरकवले आणि मग ओरडली, "हे बघ, इथं आहेत!"

"या खणात तर मी दोनदा पाहिलं होतं," एव्हर्ट म्हणाला. "म्हातारपण, दुसरं काय. पण बघ, किती जपून ठेवलेत तिनं!"

"जपणारीच होती ती," हिलेवी म्हणाली.

नव्या भिंती नीट भाजल्या गेल्या. एव्हर्टनं त्यांच्या कडा कानशीनं घासून अशा सरळ केल्या, की हिलेवीला मनातून कबूल करावं लागलं, हे आपल्यालाही कधी साधलं नव्हतं. मग साखरेचा पाक. पहिलीच कड बुडवताना एव्हर्टचं बोट पोळलं आणि तो कळवळला. हिलेवीनं भिंत त्याच्या हातातून काढून घेतली, बुडवली, जोडली आणि पाक घट्ट होईपर्यंत धरून ठेवली. नवशिकीसारखी वाकडी जोडायची होती खरी, पण हातांनी ऐकलं नाही.

एव्हर्ट बोट तोंडात घालून बघत राहिला. "मॅरितचं मात्र इतक्या वर्षांत एकही बोट भाजलं नाही," तो म्हणाला. "काय हात होता!"

हिलेवीनं आपला भाजल्याचे व्रण पडलेला अंगठा एप्रनमध्ये लपवला. "होता खरा."

"वळचणीचे बर्फाचे सुळके आठवतात? आणि वितळवलेल्या साखरेच्या गोळ्यांच्या त्या लाल काचा? एका वर्षी तर विहिरीवर रहाट केला होता, खराखुरा फिरणारा. मी सुतार असून मला सुचला नसता. देव असा हात गावात एखादीलाच देतो."

"एखादीलाच," हिलेवी म्हणाली. त्या रहाटानं तिला आठवडाभर रडवलं होतं. इतकी वर्षं हे कौतुक ती अशीच दुसरीच्या नावानं ऐकत आली होती. आवडायचं, आणि टोचायचंही.

तसा एव्हर्ट माणूस चांगला. नाताळाआधी महिनाभर, पहिल्या मेणबत्तीच्या रविवारी घर खिडकीत मांडलं, की आपल्या मधमाश्यांचा मध तो साऱ्या गल्लीला वाटायचा. हिलेवीला मात्र वर मेणाच्या मलमाची एक निळी डबी. "थंडी आहे, हाताला लाव," एवढंच म्हणायचा. एकटी बाई, लाकडं स्वतः फोडते, हात फुटत असतील, म्हणून देत असेल. यंदाचीही डबी तिच्या एप्रनच्या खिशात होती.

इल्वा आली ती थेट खिडकीशी गेली. आत दिवा लावलेला होता, लाल काचा उजळल्या होत्या, दाराशी साखरेचं मांजर बसलं होतं. तिनं लाल काचेला हळूच बोट लावून पाहिलं. मग एव्हर्टच्या गळ्यात पडून रडली.

"अगदी आईचं आहे, बाबा. अगदी तिच्याच हातचं."

हिलेवीनं सुटकेचा निःश्वास टाकला. शब्द राखला गेला होता. धुराडं तेवढं जरा सुटलं होतं. "ते मी बसवते," म्हणत इल्वानं साखर वितळवायला ठेवली आणि दुसऱ्या मिनिटाला "आई गं!" करून बोट झटकलं.

"हे लाव," हिलेवीनं पटकन डबी पुढे केली. "तुझ्या बाबांचंच मलम. फुटलेल्या हातांचं आहे, पण चालून जाईल."

इल्वानं डबी बघितली आणि हसली. "फुटलेल्या हातांची पिवळी असते, मावशी. लहानपणी बाबांनी पाठच करून घेतलं होतं माझ्याकडून. निळी भाजल्यावरची."

हिलेवीनं एव्हर्टकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा राहून खिडकीतलं घर उगाच सरळ करत होता.

"म्हटलं ना," तो मान न वळवता म्हणाला, "मॅरितचं एकही बोट कधी भाजलं नाही."