तृप्त पितळ

या, जरा पुढे सरकून बसा. पितळेची एक गोष्ट सांगतो.

शकूरभाईंनी कल्हईच्या जुन्या दुकानात आता अणुकवच भरायचं यंत्र बसवलं होतं. अणूचं बाहेरचं कवच इलेक्ट्रॉननी पुरतं भरलं, की तो कुणाच्या नादी लागत नाही आणि भांडं हिरवं पडत नाही.

द्वारकाबाईंनी नवऱ्याचे टाळ पुढे ठेवले. मुकुंदबुवांनी चाळीस वर्षं कीर्तनात वाजवलेले ते टाळ त्यांच्यामागे हिरवे पडू लागले होते.

"वरवर भरू, मावशी?"

"वरवर कसलं? देवाचं काम, आतपर्यंत करा!"

शकूरभाई हसले. त्यांनी आधी एक पितळी चकती आतपर्यंत भरून दाखवली. यंत्रातून नुसती भुकटी बाहेर आली.

"अगंबाई, हे काय?"

"अणू तृप्त झाले, मावशी. कुणाला कुणाची गरज उरली नाही, मग एकमेकांना धरून कोण राहणार?"

"म्हणजे अपुरे आहेत, म्हणून एकत्र आहेत?"

"तसंच. म्हणून म्हणतो, वरवर करू."

"वरवरची तृप्त माणसं कीर्तनात पुष्कळ पाहिलीत मी!" बाईंनी टाळ उचलून एकदा वाजवले. नाद बराच वेळ रेंगाळला. "राहू देत अपुरे. मी चिंचेनं घाशीन."

मंडळी, कुठे टाळ वाजला, की आमच्या मुकुंदबुवांना आठवा.