बिशपची दाढी

आजी दोन तास उशिरा आली. डोक्याला फडकं गच्च आवळलेलं, कपाळावर पांढरं काहीतरी फासलेलं.

"आजी, पीठ लागलंय कपाळाला," इसोकेन म्हणाली.

"गिऱ्हाइकं सोडत नव्हती. आज भज्यांवर नुसती धाड पडली होती." आजीनं मनगटानं कपाळ पुसलं आणि खुर्ची ओढली.

इसोकेननं घड्याळाकडे पाहिलं. बेनिन शहरातल्या या सरकारी कचेरीत तिची अकरा वर्षं गेली होती. इथल्या पोरी नोकरीच्या आशेनं निघायच्या, वाळवंट आणि समुद्र ओलांडायच्या आणि इटलीतल्या रस्त्यांवर उभ्या केल्या जायच्या. इकडे ती आणि तिकडे तुरीनच्या सरकारी वकील बेलांदीबाई, अशा दोघी मिळून त्यांना सोडवायच्या. एकमेकींना त्या कधी भेटल्या नव्हत्या. वाढदिवसाला मात्र न चुकता फोन करायच्या.

आज संगणकाच्या पडद्यावर बेलांदीबाईंच्या शेजारी आजीची नात बसली होती. अमेंझे, एकवीस वर्षांची. तिला राबवणारी मालकीण पकडली गेली होती, पण अमेंझेनं तिच्याविरुद्ध जबाब दिला नाही तर संध्याकाळी सहाला मालकिणीला सोडून द्यावं लागणार होतं. मालकिणीनं आणखी दोन पोरींना कुठेतरी कोंडून ठेवलं होतं. कुठे, ते फक्त अमेंझेला ठाऊक होतं.

अमेंझे चार दिवस गप्प होती. घर सोडण्याआधी तिनं देवीपुढे शपथ घेतली होती, मालकिणीचं नाव घेतलं तर वेड लागून मरेन. पुजाऱ्यानं तिचे केस आणि नखं पुडीत बांधून देवीपाशी ठेवून घेतली होती. बेनिनच्या राजाच्या वाड्यातून अशा सगळ्या शपथा रद्द झाल्याचं जाहीर झालंय, हे इसोकेननं तिला तीनदा सांगून पाहिलं.

"राजानं रद्द केली असेल," अमेंझे म्हणाली होती, "पण पुडी देवीपाशीच आहे ना?"

यावर दोन्ही देशांच्या कायद्यांत उत्तर नव्हतं. म्हणून आजीला बोलावलं होतं.

"किती वाळलीस गं," आजी पडद्याला म्हणाली. "तिथं काय नुसत्या शेवया घालतात तुला?"

"आजी, तू बरी आहेस ना?"

"मला काय होतंय. त्या बाईंना काय सांगायचं ते सांगून टाक, आणि घरी ये."

"नाही सांगता येत. पुडीत माझे केस आहेत."

"तुझे नाहीतच मुळी. ती बिशपची दाढी आहे."

अमेंझेनं मान झटकन वर केली. बिशप म्हणजे त्यांचा बोकड. दाढीवरून त्याचं हे नाव पडलं होतं, आणि चर्चच्या पाद्रीबाबांना ते आजतागायत कळलेलं नव्हतं.

"खोटं बोलतेस तू."

"तू तर डोळे मिटून थरथरत बसली होतीस. पुडी कुणाच्या हातात होती?"

"तुझ्या."

"मग? मला तो पुजारी पहिल्यापासून आवडला नव्हता. सकाळीच दाढी कापून कनवटीला लावून नेली होती."

"आणि नखं?"

"खुराचा तुकडा. काळोखात कोण बघतंय."

अमेंझेनं ओठ चावला. "मग शाप बिशपला लागेल."

"लागू दे की. तू निघायच्या आदल्या दिवशी आपण त्याचाच रस्सा केला होता. दोनदा वाढून घेतलास. आता देवीनं शोधायचं तरी कुणाला?"

अमेंझेच्या नाकातून आधी एक फुसका आवाज आला. मग ती हसली. हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडली. बेलांदीबाईंना बोकडाचं काहीच कळलं नव्हतं, पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अमेंझे त्यांच्याकडे वळली आणि त्यांच्या भाषेत बोलू लागली. मालकिणीचं नाव. रस्ता. तिसरा मजला, निळं दार.

पाऊण तासानं तुरीनहून निरोप आला. दोन्ही पोरी सापडल्या होत्या.

आजी तोवर हात मांडीवर ठेवून बसून होती. निरोप ऐकून तिनं मान हलवली आणि घाम पुसायला डोक्याचं फडकं सोडलं.

"बोकडाची दाढी," इसोकेनला हसू आवरत नव्हतं. "आणि पुजाऱ्याला कळलं नाही?"

"न कळायला तो काय आंधळा आहे?"

इसोकेनचं हसू थांबलं. आजीच्या डोक्यावर मधोमध तळहाताएवढी जागा नुकतीच वस्तऱ्यानं तासलेली होती. बोटांची नखं मुळापर्यंत कापली होती, एकावर रक्त सुकलं होतं. कपाळावर राहिलेला पांढरा पट्टा पिठाचा नव्हता, देवीच्या ठाण्यावर कपाळाला फासतात त्या पांढऱ्या खडूचा होता.

"त्या दिवशी केस पोरीचेच होते," आजी म्हणाली. "मीच कापून दिले, माझ्या हातानं. इटलीत वेण्या घालायच्या दुकानात नोकरी लागणार म्हणून किती हौस होती मला." ती फडकं पुन्हा बांधू लागली. "आज पुडी उघडून तिचे काढले, माझे घातले. पोरीनं नाव घेतलं तर मला धर, कढईपाशीच असते, असं देवीला सांगून आले. पुजारी ऐकतच नव्हता गं. म्हणून उशीर झाला."