औषधाचा राग

“हे असे नव्हते हो, डॉक्टर,” फवारणीवाल्याची बायको म्हणाली. शेजारी तो मान खाली घालून बसला होता.

“झालं काय?”

“हात उचलला माझ्यावर. मुलीदेखत. भाजीत दोनदा मीठ पडलं, एवढंच.” मग तिनेच घाईने सावरलं, “चूक माझीच. हल्ली माझं कशात लक्ष नसतं.”

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

बारा वर्षं तो फळबागेत औषध मारत होता. तिथली शिस्त कडक. मास्क, हातमोजे घातल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. संध्याकाळी औषधाने भिजलेले कपडे पिशवीत कोंबून घरी आणायचे. ते बायको हाताने धुवायची.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही औषध म्हणता, पण ते विष. मेंदूतल्या नसा एकमेकींना निरोप धाडतात. निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. विष नेमकं तेच मारतं. मग माणूस चिडतो, विसरतो, उगाच रडतो. रक्त तपासलं की कळेल. दोघांचंही देऊन जा, ताडून पाहायला बरं.”

घरी जाताना बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. जाऊबाईंना तिने दारातच सांगितलं, “तो औषधाचा राग आहे, यांचा नव्हे.”

घराचं वारं फिरलं. भाऊ पुन्हा शेजारी बसू लागला. अबोला धरलेल्या मुलीने स्वतःहून विचारलं, “बाबा, डोकं दुखतंय का?”

त्या मायेनेच तो जास्त मेला. कारण एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. बागेत मुकादम रोज आईबापावरून शिव्या द्यायचा, आणि तिथे त्याचा आवाज कधी चढला नव्हता. रागाला नेमका घराचाच रस्ता सापडायचा.

एकदा बायकोच्या हातून पेला निसटला. तो ओरडणार होता, पण शब्द गिळला. तिचे हात थरथरत होते, डोळे भरले होते. ‘मला भिते ही,’ त्याच्या मनात आलं. रक्त नासकं निघू दे, एवढंच तो मागत राहिला. लोक देवाकडे आरोग्य मागतात. याची तऱ्हाच उलटी.

आठवड्याने दोघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसली.

“औषधच ना हो?” बायकोने बसता बसताच विचारलं.

“यांचं रक्त ठणठणीत आहे. एन्झाइम हवं तेवढं आहे.”

फवारणीवाल्याची नजर फरशीला चिकटली. आता ती आपल्याकडे बघेल, असं वाटून त्याच्या कानशिलात जाळ उठला.

डॉक्टरांनी दुसरा कागद उलटला आणि खुर्ची तिच्या बाजूला सरकवली.

“ताई, निम्म्याहून खाली गेलंय ते तुमचं. कधीपासून सोसताय हे?”