घरचं घरटं

“लोक बघताहेत हो, काढा ती कानटोपी!” माझ्या लेकीच्या प्रदर्शनाच्या दारातच जाऊबाई कुरकुरल्या. भाऊजी काढणार कशी? त्यांचा केसांचा टोप सकाळपासून सापडत नव्हता. आणि टोप हा शब्द आमच्या घरात निघतच नाही. दुधाच्या टोपालाही आम्ही पातेलं म्हणतो.

लेकीने घरातल्या सगळ्यांचे गळलेले केस जमवून माणसाएवढं घरटं विणलं होतं. अगदी वर, भांगासकट, भाऊजींचा ‘तो’ बसला होता.

“हा झुपका बाथरूममध्ये खुंटीवर मिळाला,” ती कौतुकाने म्हणाली. “एकदम एवढे केस कुणाचे गळले गं, आई?”

आम्ही सगळे छताकडे बघू लागलो.



भाऊजींनी कानटोपी काढून पुतणीच्या डोक्यावर ठेवली. “माझा टोप आहे गं तो. पण माझ्यावर नाही कधी इतका शोभला.”