खाचरातलं लग्न

भातावर संशोधन करणाऱ्या कुमुदिनीताईंना समजावून सांगायचा भारी नाद, त्यात गाण्याचाही. १९६० सालच्या भादव्यात कोळवणच्या एका खाचरात त्यांनी भाताच्या दोन जातींचा संकर केला आणि परके पराग शिरू नयेत म्हणून लोंब्यांवर कागदी पिशव्या चढवल्या. शेताची मालकीण सारजाबाई चक्रावली, तशा ताई रंगात आल्या.

"हे लग्नच समजा. ही नवरी, तो नवरदेव, आणि पिशवी म्हणजे अंतरपाट!" म्हणत त्यांनी बांधावरच खड्या आवाजात मंगलाष्टकंही म्हटली.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर एकाही लोंबीवर पिशवी नाही. वर्षभराची मेहनत पाण्यात!



"आवो ताई, 'सावधान' तुमीच म्हनला न्हवं?" सारजाबाई लोंब्यांवर अक्षता टाकत म्हणाली, "मंग अंतरपाट कुटवर धरून ठिवायचा?"