बुटाच्या खोक्यातली आई

"दादा, दुकान उलटं टांगलंस की!" आत्या ओरडली.

खरंच. चादरीवर पडलेल्या फोटोत त्यांचं चपलांचं दुकान खाली डोकं वर पाय करून लटकत होतं. पण दुकानदार बाबा डगमगणाऱ्यातले नव्हते. प्रोजेक्टर भाड्याने आणू म्हणणाऱ्या लेकीला त्यांनी सकाळीच उडवून लावलं होतं. बुटाचं खोकं घरचं, त्याला भोक पाडून बसवलेलं भिंग घरचं, आत लेकीचा मोबाईल. झाला प्रोजेक्टर! त्यांनी मोबाईल खोक्यात उलटा टेकवला. दुकान सरळ झालं, पण पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी डावीची उजवीकडे गेली.

"आता गिऱ्हाईकांनी पाटी वाचायची तरी कशी रे?" आत्याने टोमणा मारलाच.

"चादर पातळ आहे. मागून बघा, सगळं सरळ दिसेल," लेक म्हणाली. तशी बाबा आणि आत्या हसत हसत चादरीमागे जाऊन बसले. आई तेवढी पुढेच राहिली. खोकं डगडगत होतं, ते धरायला कुणीतरी हवंच होतं.

लेक उद्या नोकरीसाठी दूर निघणार होती. त्यासाठीच तर भर दुपारी बिनखिडकीच्या गोदामात हा सगळा घाट. मोबाईलमध्ये बाबांचे फोटो ढीगभर, आत्याचे तर विचारूच नका. आईच्या पसंतीचा मात्र नावाला एक नाही. कॅमेरा दिसला की बाईला हमखास काम आठवायचं. चुकून सापडलीच तर, "शी! तोंड बघ कसं वाकडं आलंय. ही मी नाहीच. पुसून टाक आधी!" आणि लेक मुकाट्याने पुसायची. आईच्या पसंतीचा एकही फोटो नसताना जायचं, या विचाराने ती दोन दिवस हिरमुसली होती.

फोटो आपोआप पुढे सरकत होते. आत्या, बाबा, पुन्हा आत्या. आणि एकदम चादरभर आई! शिडीवर उभी, हातात खोकं, खळखळून हसणारी. लेकीने चोरून काढलेला, चोरून ठेवलेला. आजच्या फोटोंतून तो वगळायचा राहूनच गेला होता.

लेक मोबाईल काढायला धावली.

"थांब गं!" आईने तिचा हात धरला. "हा छान आलाय की! आरशात रोज दिसते ना, अगदी तश्शी. ही मी."

"छान काय त्यात? नेहमीसारखीच तर दिसतेयस," चादरीमागून बाबा म्हणाले.

लेकीची ट्यूब पेटली. खोक्यात हात घालून तिने तो फोटो तिथेच थांबवून ठेवला.

"बाबा, इकडे या. खोकं धरा जरा."

बाबा पुढे आले, चादरीकडे बघून थबकले. "अरेच्चा! ही कुणाची बायको? हसू भलत्याच गालावर चढलंय."

लेक आईला हाताला धरून चादरीमागे घेऊन गेली. तोच फोटो, तीच शिडी. पण हसू दुसऱ्या गालावर, तेच जुनं वाकडं तोंड. आई 'शी' म्हणता म्हणता थांबली.

"पुढून दिसते ती आरशातली तू," लेक हळूच म्हणाली. "तुला आवडते ना, मग तसाच उलटवून नेते फोटो. पण पुसायला सांगू नकोस गं."

आई चादरीकडे बघतच राहिली.

"म्हणजे तुम्हाला मी रोज अशी दिसते?"

"हो."

"आणि तरी आवडते?"

"आई, मला हीच आवडते." लेकीचे डोळे भरून आले. "ती पुढची मला ओळखूसुद्धा येत नाही."

आईने लेकीचे डोळे पदराने पुसले. मग चादरीवरच्या त्या वाकड्या हसूकडे बघून तशीच हसली.

"मग हीच घेऊन जा," ती म्हणाली. "आरशातली राहू दे माझ्यापाशी."